एका हाती पुस्तक, दुसऱ्या हाती तार

जॉन गॅस्ट हे नाव मराठी रसिकाला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. खुद्द अमेरिकेतही चित्रकार म्हणून त्याची फारशी आठवण कुणी काढीत नाही. लोकांच्या लक्षात राहिले आहे ते त्याचे एकच चित्र. १८७२ साली तैलरंगांत केलेले हे चित्र ‘अमेरिकन प्रोग्रेस’, म्हणजे ‘अमेरिकेची प्रगती’, या नावाने ओळखले जाते. आकार म्हणाल तर उंची जेमतेम बारा इंच आणि रुंदी सोळा इंच. भिंतीवरच्या कॅलेंडरापेक्षा मोठे नाही. मूळ चित्र लॉस एंजेलिस येथील ऑट्री संग्रहालयात आहे. परंतु मूळ पाहिले नाही तरी ज्यांचे काही अडत नाही, किंबहुना जी छापून घरोघर पोचवण्यासाठीच काढलेली असतात, अशा चित्रांपैकी हे एक आहे. अमेरिकेतील इतिहासाच्या शालेय पुस्तकांत ते वारंवार छापले गेले आहे.

अशा चित्राचा विचार बऱ्हाणपुरात, शनवाऱ्यात बसून करण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. प्रयोजन आहे. आगगाडी, तार आणि शाळेचे पुस्तक हे या चित्राचे तीन विषय. ही तिन्ही साधारण त्याच काळात आपल्याही दारी आली. आणि त्यांच्याकडे कसे पाहावे हेही आपल्याला बऱ्याच अंशी अशा चित्रांनीच शिकवले. ते शिक्षण अजून आपल्या अंगात भिनलेले आहे, आणि आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यात त्याचा परिणाम रोज घरात दिसतो, असे मला वाटते.

प्रथम चित्र नीट पाहू. मध्यभागी, जमिनीला पाय न टेकवता, एक तरुण स्त्री अधांतरी चालली आहे. अंगावर पांढरे झुळझुळीत वस्त्र, मोकळे सोडलेले केस, कपाळावर तारा. तिचे तोंड आपल्या डावीकडे, म्हणजे नकाशाच्या हिशेबाने पश्चिमेकडे आहे. एका हाताशी तिने एक जाड पुस्तक धरले आहे आणि ते शाळेचे पुस्तक आहे हे कळावे म्हणून त्यावर तशी इंग्रजी अक्षरेही घातली आहेत. दुसऱ्या हाताने ती तारायंत्राची तार उलगडत नेते आहे. ती तार मागच्या खांबाखांबांवरून येऊन तिच्या हाती पोचते.

तिच्या मागे, आपल्या उजवीकडे, उजेड आहे. तिकडे बंदराचे शहर आहे, जहाजे आहेत, नदीवर पूल आहे. तिकडूनच आगगाड्या निघाल्या आहेत. गाड्यांच्या पुढे घोड्यांची टपालगाडी, तिच्यापुढे छत घातलेले छकडे, एक घोडेस्वार, मग पायी निघालेले सोन्याचे शोधक. खाली कोपऱ्यात बैलांचा नांगर धरलेले शेतकरी आणि त्यांची लाकडी झोपडी. चित्राच्या डाव्या कडेला मात्र काळे ढग आणि सावली. तिथे अमेरिकेचे मूळ रहिवासी, त्यांच्या बायका, त्यांची मुले, एक अस्वल, रानटी घोडे आणि बायसन नावाच्या रानगव्यांचा कळप, असे सगळे चौकटीबाहेर पळत सुटले आहेत. पळता पळता काहींनी मान वळवून त्या बाईकडे पाहिले आहे.

हे चित्र गॅस्टच्या मनात आपोआप उमलले नाही. जॉर्ज क्रोफट नावाच्या प्रकाशकाने ते त्याच्याकडून सांगून काढून घेतले. हा क्रोफट पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तके काढीत असे. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना जोडले गेले, आणि त्याच्या धंद्याला बरकत आली. चित्रात काय काय असावे हे त्यानेच चित्रकाराला सांगितले. मग त्याचे रंगीत शिळाछाप काढून वर्गणीदारांना दिले. थोडक्यात, ही प्रवासधंद्याची जाहिरात आहे. आणि आपल्याकडे १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याने देवदेवता जशा घरोघर पोचवल्या, तशीच त्याच तंत्राने एक नवी देवता तिकडच्या घरांत पोचवण्यात आली.

कला म्हणून या चित्राची योग्यता काय? बेताची, असेच म्हणावे लागेल. गिऱ्हाइकाने दिलेली यादी चित्रकाराने एकेक करून उतरवलेली आहे. टपालगाडी आली, नांगर आला, अस्वल आले. कोणत्याही वस्तूचे दुसरीशी बोलणे नाही. शाळेत विज्ञानाच्या वर्गात वाहनांच्या उत्क्रांतीचा तक्ता टांगलेला असतो, तसा हा तक्ता आहे. शिवाय तो खरा तक्ताही नाही. क्रोफटच्या मागणीप्रमाणे गॅस्टने तीन लोहमार्ग दाखवले. १८७२ मध्ये मात्र पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोचलेला लोहमार्ग एकच होता. उरलेले दोन चित्रात आधी धावले, जमिनीवर मागाहून.

याच विषयावरचे खरे मोठे चित्र त्याआधी अठ्ठावीस वर्षे झाले होते. इंग्लंडच्या टर्नरने १८४४ मध्ये पाऊस, वाफ आणि वेग यांचे चित्र काढले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. टेम्स नदीवरच्या मेडनहेडच्या पुलावरून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी पावसातून आपल्या अंगावर येते आहे. पूल, नदी, धूर, पाऊस यांच्या सीमा विरघळून गेल्या आहेत. स्पष्ट असे फक्त इंजिनाचे काळे तोंड. आणि नीट पाहिले तर इंजिनाच्या पुढे, रुळांवरून, एक इवलासा ससा जीव घेऊन पळताना दिसतो. पळणारे जनावर टर्नरच्याही चित्रात आहे आणि गॅस्टच्याही. परंतु टर्नरच्या सशापुढे आपला श्वास अडकतो. तो वाचेल का, हे चित्र सांगत नाही. गॅस्टच्या बायसनांविषयी असा प्रश्नच पडू नये अशी व्यवस्था केलेली आहे. ते जाणारच, जायलाच हवेत, त्यांची जागा अंधारातच आहे. टर्नर यंत्रापुढे स्तिमित होऊन उभा राहिला. गॅस्टने यंत्राची आरती केली. म्हणूनच पहिले चित्र श्रेष्ठ ठरते, आणि म्हणूनच दुसरे अधिक लोकांच्या भिंतीवर लागते.

आपल्या डोळ्यांना गॅस्टची ही बाई अगदीच परकी वाटत नाही, हे कबूल केले पाहिजे. पांढरे वस्त्र, हातात पुस्तक, दुसऱ्या हातात तार! रविवर्म्याने १८९६ मध्ये काढलेली सरस्वती ज्यांनी पाहिली आहे, आणि मराठी घरांत ती कुणी पाहिलेली नाही, त्यांना क्षणभर बहिणी-बहिणी वाटाव्यात. तिच्याही हाती पुस्तक आहे आणि मांडीवर तारांची वीणा आहे. पण फरक मोठा आहे. सरस्वती बसलेली आहे. तिला कुठे पोचायचे नाही. ज्याला विद्या हवी त्याने तिच्यापाशी जावे. तिच्या वीणेच्या तारांची दोन्ही टोके आपल्या डोळ्यांसमोर आहेत. गॅस्टची देवता मात्र चालून येणारी आहे. आपण बोलावले नाही तरी ती येते, आणि तिच्या तारेचे एकच टोक आपल्याला दिसते.

ही गोष्ट माझ्याआधी एका विद्यार्थ्याच्या लक्षात आली. नववीच्या वर्गात मी हे चित्र दाखवले, दिसेल ते सांगा म्हणालो. मुलांनी गाड्या मोजल्या, जनावरे मोजली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी यंत्रमाग आहेत, उभा राहिला आणि आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे मराठीत सुरू करून हिंदीत शिरला. “सर, बाई तार ओढतेय ते दिसलं, पर उस तार का दूसरा सिरा किसके पास है?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. चित्राच्या समीक्षेत याहून नेमका प्रश्न मी वाचलेला नाही. मागाच्या घरात वाढलेल्या मुलाला सुताचे दुसरे टोक शोधण्याची सवय असते.

दुसरे टोक कुणापाशी होते? अमेरिकेत ते पूर्वेच्या शहरांत, पेढ्यांत आणि लष्करी कचेऱ्यांत होते. आपल्या भागात ते कुठे होते हे कापसाने सांगितले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि खानदेश, वऱ्हाड, निमाड इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. इथल्या शेतकऱ्याने ना युद्ध पाहिले होते ना तह. त्याचे नशीब लिव्हरपूलच्या बाजारात ठरले. १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, आणि भावाची बातमी महिन्यांऐवजी तासांत येऊ लागली. बातमी लवकर आली, पण भाव ठरवणारा हात होता तिथेच राहिला. तार म्हणजे दोघांना जोडणारी वस्तू, हे खरे. परंतु दोघांपैकी कुणी बोलायचे आणि कुणी ऐकायचे, हे तार ठरवत नाही.

आपल्या घरांत ‘तार’ या शब्दाला जो धसका चिकटला होता तो काही उगीच नव्हे. तार आली म्हटले की ती फोडण्यापूर्वीच बायका डोळ्यांना पदर लावीत. दूरवरून, आपल्या हाती काही नसताना, आपल्याविषयी घडून गेलेले काहीतरी आपल्याला कळते, हा तारेचा अर्थ आपल्या लोकांनी चित्रे न पाहताच ओळखला होता. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. धसका आता मोबाइलवर येतो, एवढेच.

गॅस्टच्या देवतेची एक सख्खी नातलग आपल्याच लोहमार्गाच्या उगमाशी उभी आहे. बोरीबंदरला, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्या इमारतीच्या घुमटावर एक स्त्रीमूर्ती आहे. एका हातात वर उचललेली मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचे चाक. तिचेही नाव ‘प्रगती’च. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली गेली, आणि ती ज्या जी. आय. पी. रेल्वे कंपनीची, तिचेच रूळ भुसावळवरून आपल्या लालबागच्या स्थानकात येतात. मुंबईला जाणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने त्या बाईखालून सामान वाहिले आहे. मान वर करून पाहिले असेल ते थोड्यांनी. गॅस्टच्या चित्राशी ताडून पाहिले तर या मूर्तीत एक समजूतदारपणा आढळतो. तिने कुणाला पळवून लावलेले नाही. इमारतीवर खाली इथली झाडेपाने, पशुपक्षी कोरलेले आहेत, आणि त्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात आहेत. पण तीही अधांतरीच, गर्दीच्या फार वर, आणि तिलाही खालचे फारसे दिसत नसावे.

गॅस्टने चित्र काढले त्याच १८७२ साली फ्रान्समध्ये जूल व्हर्नची ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाची कादंबरी एका वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. आपल्याला या कादंबरीचे विशेष अगत्य असायला हवे, कारण तिच्यात बऱ्हाणपूर आहे. फिलिअस फॉगची गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि त्याचा नोकर पासपार्तू इथे खोटे मोती जडवलेल्या सपाता विकत घेतो. आपल्या गावाला जागतिक वाङ्मयात मिळालेले स्थान ते एवढेच. गाडी थांबण्यापुरते आणि सपाता घेण्यापुरते. गंमत अशी की, पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळ अपुरे आहेत असे व्हर्नने दाखवले आणि फॉगला हत्तीवर बसवले. प्रत्यक्षात मार्च १८७० मध्येच हा मार्ग जबलपूरपर्यंत पुरा होऊन कलकत्त्याच्या मार्गाला जोडला गेला होता. चित्रकाराने नसलेले रूळ घातले, कादंबरीकाराने असलेले रूळ काढून टाकले. एकाला यंत्राचा विजय पुरा झालेला हवा होता, दुसऱ्याला गोष्ट हवी होती.

पुढे फॉग अमेरिकेत पोचतो आणि थेट गॅस्टच्या चित्रातल्याच प्रदेशातून प्रवास करतो. तिथे काय घडते? बायसनांचा प्रचंड कळप रुळांवरून आडवा जातो आणि आगगाडीला तासन्‌तास थांबावे लागते. नंतर सू जमातीचे योद्धे गाडीवर हल्ला करतात. व्हर्न काही त्या लोकांचा कैवारी नव्हता. त्याच्या काळाचे सगळे ग्रह त्याच्यात आहेत. तरीही त्याची गोष्ट एवढे मान्य करते की पलीकडच्या बाजूलाही वजन आहे, इच्छा आहे, अडवण्याची ताकद आहे. गॅस्टच्या चित्रात ते फक्त पळतात. इतिहासाने पुढे जे केले ते याहून भयंकर होते. कोट्यवधी बायसन त्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेकड्यांवर आले. ते उजेडाला भिऊन पळाले नाहीत. बंदुकांनी मारले गेले, आणि त्यांची कातडी याच आगगाड्यांनी वाहून नेली. चित्रातली देवता निःशस्त्र आहे, ही चित्रातली सर्वांत मोठी लबाडी होय.

दुसरी लबाडी हातांची. एवढे रूळ, एवढे खांब, पण ते घालणारा एकही मजूर चित्रात नाही. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून पश्चिमेकडचा मार्ग खोदला तो मुख्यतः हजारो चिनी मजुरांनी. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांनाच दार बंद केले. आपला मार्ग कसाऱ्याच्या थळ घाटातून वर चढतो. तो घाट १८६५ मध्ये खुला झाला. त्याचा जोडीदार बोरघाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला. या दोन्ही घाटांत हजारो माणसे पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून गेली. बोरघाटाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालवून तडीस नेले. प्रगतीचे चित्र बाईच्याच रूपात काढायचे होते तर ही बाई हाताशी होती. तिच्याहूनही अधिक शोभल्या असत्या त्या डोक्यावर खडीची पाटी घेतलेल्या बाया, ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांचे पाय जमिनीला टेकले असते आणि जाहिरात बिघडली असती.

तिसरी लबाडी अंधाराची. उजेड यायच्या आधी डावीकडे काहीच नव्हते, असे हे चित्र सांगते. बऱ्हाणपूरच्या माणसाला हे पटायला जड जावे. आगगाडी येण्याच्या अडीचशे वर्षे आधी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून या शहरात आणले गेले. कुंडी भंडाऱ्याच्या विहिरी आजही त्याची साक्ष आहेत. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि रशियापर्यंत जाते असे नोंदवून ठेवले. म्हणजे जगाशी जोडलेले असणे ही काही आगगाडीने दिलेली भेट नव्हती. आगगाडीने दिले ते निराळे. तिचे स्थानक शहरापासून दूर लालबागेत पडले, आणि भुसावळ जंक्शन म्हणून वाढत गेले. उजेड आला तो सगळ्यांवर सारखा पडला नाही.

आता उरले पुस्तक. शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाची नजर अखेर तिथेच जाऊन अडकते. त्या देवतेच्या हातचे पुस्तक मिटलेले आहे. आत काय लिहिले आहे ते चित्र सांगत नाही, पण इतिहास सांगतो. चित्रानंतर सात वर्षांनी, १८७९ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. आईबापांपासून दूर आणलेल्या मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, आणि स्वतःची भाषा बोलण्यास बंदी झाली. आणल्या दिवशीचे आणि काही काळाने घेतलेले असे मुलांचे दोन-दोन फोटो शेजारी ठेवून प्रगती झाल्याचा दाखला दिला जाई. गॅस्टच्या चित्रातले डावे आणि उजवे टोक त्या दोन फोटोंत येऊन बसले. चित्राच्या कडेला पळणाऱ्या आईच्या पाठीवरचे मूल पकडून आणून त्याच्या हाती ते पुस्तक दिले गेले, असेच म्हणायचे.

आपली गोष्ट अशी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या मुलांवर जे लादले गेले तसे आपल्यावर कुणी लादले नाही, आणि त्यांच्या दुःखाशी आपल्या तक्रारीची बरोबरी करणे अनुचित ठरेल. बऱ्हाणपुरातल्या मराठी घराला मराठी बोलू नको असे कुणी सांगितलेले नाही. पण चित्र मात्र आपल्या मनात तेच आहे. उजवीकडे उजेड, डावीकडे अंधार. उजेडाच्या बाजूला इंग्रजी, तिच्या जरा मागे कचेरीची आणि बाजाराची हिंदी, आणि डाव्या कडेला, आजीच्या बाजूला, मराठी. पुढे जायचे म्हणजे काहीतरी टाकून जायचे, ही त्या चित्राची शिकवण आपण आपखुशीने घेतली. पालक मुलाचे नाव मराठी वर्गातून काढून इंग्रजी शाळेत घालतात तेव्हा दाखल्यावर सही माझीच असते. मी त्यांना दोष देत नाही. मुलाचे पोट कोणत्या भाषेवर भरेल हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. मला खुपते ते निराळेच. ‘आता घरीपण मराठी बंद केली सर,’ असे ते अभिमानाने सांगतात. कुणी मागितले नसताना दिलेली ही भेट आहे. घरातले मराठी बंद केल्याने इंग्रजी वाढत नाही. फक्त आजीशी बोलणे कमी होते, जात्यावरच्या ओव्या कळेनाशा होतात, पणजोबांच्या पत्रांचा गठ्ठा रद्दीत जातो.

या चित्रात सगळे एकाच दिशेने जातात. उलट दिशेला जाणारे किंवा थांबून दोन्हीकडे पाहणारे कुणीच नाही. आपले शहर असे नाही. आपल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहाने अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरवला. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे, आणि चारशे वर्षे झाली तरी त्या भिंतीला तडा गेलेला नाही. शनवाऱ्यातून लालबागकडे जाताना दुकानांच्या पाट्या पाहा. देवनागरी आणि उर्दू शेजारी-शेजारी आहेत, आणि आमची पोरे चालता-चालता दोन्ही दिशांनी वाचतात. ज्यांच्या डोळ्यांना ही सवय आहे त्यांनी एकाच दिशेचे चित्र खरे मानावे, हे नवल आहे.

यंत्राला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. आगगाडी नसती तर आमच्या गावची कितीतरी मुले शिकायला पुण्या-मुंबईला गेली नसती. आपल्याकडे यंत्राची पूजा होते ती खंडेनवमीला. हत्यारे धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून एक दिवस पाटावर ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घेतली जातात. त्या पूजेत यंत्र देवासारखे पुजले जाते, पण ते आपल्या हातातले आहे हे कुणी विसरत नाही. गॅस्टच्या चित्रात यंत्राच्या देवतेच्या हाती माणसे आहेत.

म्हणून हे चित्र टाकून देऊ नये. वर्गात लावावे आणि मुलांना वाचायला शिकवावे. उजेड कुठून येतो आणि कुणावर पडत नाही, हे विचारावे. काम करणारे हात कुठे गेले, हे विचारावे. पुस्तक उघडले तर ते कोणत्या भाषेत निघेल, हे विचारावे. आणि पळताना मागे वळून पाहणाऱ्या माणसांपाशी जरा थांबावे. शेतकरी आपल्या नांगराकडे पाहतो, स्वार आपल्या वाटेकडे. त्या देवतेकडे नीट पाहणारी माणसे त्या कडेलाच आहेत. तिच्याविषयी काही विचारायचे तर त्यांनाच विचारावे लागेल. आज नव्या नव्या यंत्रांच्या जाहिराती रोज हाती येतात, प्रत्येकीत तीच बाई नवे कपडे घालून चालत असते, आणि आमच्या नववीतल्या पोराचा प्रश्न तेव्हाही लागू पडतो. तार हाती घ्यावी, पुस्तकही घ्यावे. पण दुसरे टोक कुणापाशी आहे, ते आधी विचारून घ्यावे.